सकाळी परदेशात, रात्री घरी... बीडवरून एकट्यानं हे जमतं का?

इन्स्टावर सध्या एका प्रकारच्या रिल्स जोरात चालतात. लंडनची एखादी पोरगी पहाटे साडेतीनला उठते, पाठीवर एक छोटी बॅग टाकते, विमान पकडते आणि नऊ वाजता इटलीतल्या मिलानमध्ये कॉफी पिताना दिसते. दुपारी पिझ्झा, संध्याकाळी चर्चसमोर फोटो आणि रात्री परत आपल्या पलंगावर. हॉटेल नाही, रजा नाही, सोबत कोणी नाही. आदल्या रात्री मनात आलं, तिकीट स्वस्त दिसलं, निघाली.

खालच्या कमेंटमध्ये आपली माणसं हमखास सापडतात. "आम्हाला बीडवरून पुण्याला जायचं तरी दोन दिवस घरच्यांना पटवावं लागतं" हा त्यातला एक ठरलेला सूर. चेष्टेचा भाग सोडा, पण प्रश्न खरा आहे. बीड, केज, आष्टी, गेवराई किंवा परळीच्या माणसाला सकाळी मनात आलं म्हणून एकट्यानं परदेशातलं एखादं शहर बघून परत येता येतं का? अडतं नेमकं कुठं? आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते, ती म्हणजे बीडच्या माणसाला परदेशासारखाच दुसरा मुलूख एकेकाळी अगदी शेजारी होता. त्यासाठी विमान लागत नव्हतं, बैलगाडी पुरायची.

त्या पोरीला कसं जमतं?

युरोपात हे जमण्यामागं दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे स्वस्त विमान कंपन्या. दुसरं कारण लक्झेंबर्ग देशातल्या शेंगेन नावाच्या एका छोट्या गावात आहे. १४ जून १९८५ ला या गावाजवळ मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला, की आपापसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची. आज त्या व्यवस्थेत २९ देश आहेत. म्हणजे पॅरिसचा माणूस ब्रसेल्सला जातो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. ब्रिटन या व्यवस्थेत नाही, तिथल्या लोकांना पासपोर्ट दाखवावा लागतो. पण थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, म्हणून मिलानची रिल बनते.

आता त्याच लंडनमध्ये नोकरी करणारा बीडचा एखादा इंजिनिअर घ्या. ऑफिसात शेजारी बसणारा गोरा सहकारी शुक्रवारी रात्री तिकीट काढून शनिवारी मिलान बघून येतो. आपल्या पोराकडं पगार तेवढाच, विमानतळ तोच, तिकीटही तेवढ्यालाच. पण हातात भारतीय पासपोर्ट. त्याला आधी शेंगेन व्हिसा काढायचा, त्यासाठी अपॉइंटमेंट घ्यायची, बँकेचे कागद द्यायचे, बोटांचे ठसे द्यायचे. तोपर्यंत मनात आलेली लहर विरून जाते.

म्हणजे अंतर हा मुद्दा दुसरा. पहिला मुद्दा पासपोर्टच्या कव्हरवर कोणत्या देशाचं नाव आहे हा.

याच्या उलट सिंगापूरमधल्या मराठी कुटुंबांचं बघा. सिंगापूरहून मलेशियातलं जोहोर बहारू एक पूल ओलांडला की येतं. हा साधारण एक किलोमीटरचा रस्ता १९२४ पासून आहे. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली आणि तिथं राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी सकाळी बसनं परदेशात जाऊन, खरेदी आणि जेवण उरकून संध्याकाळी घरी येणं सोपं झालं. माणूस तोच, पासपोर्टही तोच, पण एक नियम बदलला आणि परदेश बाजाराच्या अंतरावर आला.

बीडचा हिशोब

बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. सगळ्यात जवळचा छत्रपती संभाजीनगरचा, पण तिथून परदेशाचं नियमित विमान नाही. मग उरतात पुणे, मुंबई आणि हैदराबाद. पुण्यातून दुबई, बँकॉक अशी मोजकीच विमानं आहेत, त्यामुळं खरा भरवसा मुंबईचा. बीड ते मुंबई सुमारे चारशे किलोमीटर.

समजा एखाद्यानं ठरवलंच. संध्याकाळी आठला बीडच्या बसस्टँडवरून लालपरी किंवा बाहेरून ट्रॅव्हल्स पकडली, तर पहाटे पाचच्या आसपास मुंबई येते. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचा असं सांगतात. म्हणजे आठ-साडेआठचं विमान धरा. दुबई तीन-साडेतीन तासांवर आहे आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं चालतं, त्यामुळं तिथल्या साडेदहाला माणूस उतरतो. बाहेर पडेपर्यंत साडेअकरा-बारा. रात्री नऊचं परतीचं विमान असेल तर सहाला पुन्हा विमानतळावर हजर. हातात राहिले सहा तास. त्यात मेट्रोनं बुर्ज खलिफा बघायचा, जुन्या दुबईतल्या खाडीवर अब्रा म्हणजे लाकडी होडीत बसायचं, एक शावर्मा खायचा, संपलं. मध्यरात्रीनंतर मुंबई, आणि सकाळची गाडी धरून दुपारी-संध्याकाळी बीड.

थोडक्यात काय, तर बीडवाल्याची एका दिवसाची परदेश सहल कॅलेंडरवर तीन दिवस खाते. तिथलं शहर बघायला मिळतात सहा तास आणि एसटी, विमान, रांगा यांत जातात तीस-पस्तीस तास.

आणि हे सगळं व्हिसा हातात आहे असं धरून. दुबईसाठी भारतीयांना सर्वसाधारणपणे आधी व्हिसा काढावा लागतो. अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपातला व्हिसा किंवा राहण्याचा परवाना असलेल्यांना तिथं उतरल्यावर मिळण्याची सोय आहे, पण ज्याच्याकडं ते आहे तो बहुधा बीडच्या बसस्टँडवर उभा नसतो.

व्हिसाशिवाय किंवा पोहोचल्यावर फुकट शिक्का मिळतो असे देश आहेत. मालदीव आणि मॉरिशस बरीच वर्षं तसे आहेत. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियानं त्याच डिसेंबरमध्ये भारतीयांना सूट दिली. पण या सवलती सरकारं मुदत घालून देतात, वाढवतात, कधी बदलतात. थायलंडनं १ मे २०२५ पासून येण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरणं सक्तीचं केलं. म्हणून जुनी रिल बघून तिकीट काढू नका, त्या देशाच्या दूतावासाचं पान त्याच दिवशी उघडून बघा.

बँकॉकला मुंबईहून साधारण चार-साडेचार तास लागतात आणि तिथलं घड्याळ दीड तास पुढं आहे. त्यामुळं एका दिवसात जाऊन येण्याचा विचार केला तर हातात काहीच उरत नाही.

या सगळ्याआधी पासपोर्ट हवा. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. २०१७ पासून पोस्ट ऑफिसांत पासपोर्ट सेवा केंद्रं उघडायला सुरुवात झाली, त्यामुळं पूर्वीसारखं प्रत्येक कामाला मोठं शहर गाठावं लागत नाही. तरी अपॉइंटमेंट, पोलीस पडताळणी, पोस्टानं येणं यात दिवस जातातच.

इथं बीडच्या दृष्टीनं एक कळीची गोष्ट आहे. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असा शेरा येतो. आखाती देश, मलेशिया, थायलंड धरून १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर अशा माणसाला सरकारची वेगळी मंजुरी लागते. कामगारांची फसवणूक होऊ नये म्हणून हा नियम आहे. फिरायला जायला तो आडवा येत नाही, पण परतीचं तिकीट, व्हिसा, राहण्याची सोय हे सगळं दाखवून "फिरायलाच चाललोय" हे पटवून द्यावं लागतं. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो लोक ऊसतोडीला जातात आणि त्यांच्या पोरांची शाळा कारखान्याच्या फडावर सुटते, तिथं हा शेरा किती पासपोर्टवर बसत असेल याचा अंदाज बांधायला अवघड नाही.

काउंटरवरचा साहेब काय विचारतो?

समजा सगळं जुळलं. तरी विमानतळावर इमिग्रेशनचा काउंटर राहतोच. आणि "मनात आलं, एकटाच, आजच्या आज जाऊन येणार" हे तिथं ऐकायला सगळ्यात संशयास्पद वाक्य आहे.

त्यामागं कारण आहे. गेल्या काही वर्षांत नोकरीचं आमिष दाखवून भारतातल्या पोरांना थायलंडमार्गे म्यानमारला, तसंच कंबोडिया आणि लाओसला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवल्याची प्रकरणं बाहेर आली. म्यानमारच्या सीमेवरचं म्यावाडी हे नाव त्यातूनच बातम्यांत आलं. महाराष्ट्रातली पोरंही यात अडकली. त्यामुळं वीस-पंचवीस वर्षांचा, एकटा, पहिल्यांदाच परदेशी निघालेला, हॉटेलचं बुकिंग नसलेला प्रवासी दिसला की अधिकारी चार प्रश्न जास्त विचारतात. समाधान झालं नाही तर विमानात बसू देत नाहीत. तिकिटाचे पैसे जातात ते जातातच.

बरं, परत येताना दुसरा काउंटर, कस्टम्सचा. सकाळी दुबईला जाऊन रात्री परतणारा माणूस बघून सगळ्यात आधी सोन्याची शंका येते. आपल्याकडं पसरलेला एक गैरसमज इथंच काढून टाकू. "दुबईहून एवढं एवढं सोनं फुकट आणता येतं" असं लग्नसराईत बरेच जण छातीठोक सांगतात. दागिन्यांची ती करमुक्त सवलत एक वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. एका दिवसात जाऊन आलेल्याला त्यातलं काहीच लागू होत नाही. कोणी ओळखीचा माणूस "येताना एवढी पिशवी घेऊन ये, तिकीट माझ्याकडून" म्हणाला, तर त्याला तिथंच हात जोडा. पकडलं गेल्यावर पिशवी ज्याच्या हातात असते, गुन्हा त्याच्यावर लागतो.

पोरींच्या बाबतीत एक काउंटर याच्याही आधी असतो, तो घरात. एकटी कुठं, कशाला, सोबत कोण? याची उत्तरं कोणत्याही दूतावासाच्या साइटवर मिळत नाहीत.

नगर जेव्हा परक्या मुलखात होतं

आता थोडं मागं जाऊ. आजच्या बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला आष्टी तालुका आणि त्यापलीकडं अहिल्यानगर जिल्हा. आष्टीच्या माणसाला बीडपेक्षा नगर जवळ. बाजारहाट, दवाखाना, कॉलेज, सगळ्याला नगर. आज ती जिल्ह्याची हद्द आहे, गाडीतून जाताना पाटी दिसली तर कळतं.

१९४८ पर्यंत हीच हद्द दोन राज्यांची होती. अलीकडं बीड, हैदराबादच्या निजामाच्या ताब्यातलं. पलीकडं नगर, मुंबई इलाख्यातलं म्हणजे इंग्रजांचं. जुनी माणसं निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणायची. हद्द ओलांडली की काय काय बदलायचं ते बघा.

पैसा बदलायचा. निजामाचं स्वतःचं चलन होतं, उस्मानिया सिक्का. लोक त्याला हाली म्हणायचे आणि इंग्रजी रुपयाला कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार असा भाव. निजामानं १९१८ पासून स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या होत्या. म्हणजे नगरला जनावरं विकून परतणाऱ्या शेतकऱ्याला आजच्या भाषेत फॉरेक्सचा हिशोब तोंडपाठ लागायचा.

कारभाराची भाषा बदलायची. बीडच्या कचेरीत उर्दू. वर्ष बदलायचं, कारण निजामाचा सरकारी कारभार फसली सनावर चालायचा. नगरमध्ये १९४७ संपत आलं होतं तेव्हा बीडच्या दप्तरात १३५७ फसली सुरू होतं. पोस्टाचं तिकीट वेगळं. आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. माल इकडून तिकडं न्यायचा तर तिथं थांबणं आलं.

जामखेड भागात तर हद्द इतकी वेडीवाकडी होती, की इंग्रजी मुलखातली काही गावं निजामाच्या गावांमध्ये अडकून पडलेली. आज युरोपातलं बार्ले नावाचं गाव बघायला पर्यटक जातात, कारण तिथं बेल्जियम आणि नेदरलँड्सची सीमा घराघरांतून जाते. तशाच जातीची भानगड आपल्याकडं होती, फक्त तिचे फोटो काढायला कोणी आलं नाही.

या हद्दीचा उपयोगही लोकांनी करून घेतला. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठानं वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा त्यातले बरेच जण संस्थानाबाहेर, नागपूर विद्यापीठात गेले. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यातलेच. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत काम केलं. त्या गावाचं निजामाच्या दप्तरातलं नाव मोमिनाबाद. ज्याच्यावर निजामाच्या पोलिसांचं वॉरंट निघालं, त्याला हद्द ओलांडली की श्वास घेता यायचा.

मग १५ ऑगस्ट १९४७ उजाडला. नगर स्वतंत्र भारतात गेलं. बीड गेलं नाही. निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला, २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती जाहीर करेपर्यंत जवळपास तेरा महिने बीड एका अशा राज्यात होतं जे स्वतःला वेगळा देश म्हणवत होतं. भारतानं ते कधी मान्य केलं नाही, त्यामुळं कायद्याच्या भाषेत नगरला परदेश म्हणता येणार नाही. पण आष्टीच्या माणसासाठी त्या तेरा महिन्यांत नगरला जाणं म्हणजे तिरंगा फडकणाऱ्या देशात जाणं होतं आणि संध्याकाळी परतणं म्हणजे त्या देशातून बाहेर येणं. रझाकारांच्या भीतीनं अनेक कुटुंबं परतलीच नाहीत. ती तिकडंच, नातेवाइकांकडं किंवा छावण्यांत, राहिली. एकट्यानं हद्द ओलांडणं तेव्हा हौसेचा विषय नव्हता.

ही हद्द पुसल्यावर ७७ वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. त्याआधी सप्टेंबर २०२२ पासून गाडी आष्टीपर्यंतच यायची. कड्याच्या पुढं ती जुनी हद्द ओलांडते, आणि डब्यातलं कोणी मानही वर करत नाही.

पाकिस्तान, तेही एका दिवसात?

एक परदेशवारी अशी होती जिथं संध्याकाळी परत येणं सक्तीचंच होतं. पंजाबातल्या डेरा बाबा नानकहून पाकिस्तानातल्या कर्तारपूर साहिब गुरुद्वाऱ्यापर्यंतचा मार्ग ९ नोव्हेंबर २०१९ ला उघडला. व्हिसा नको, पासपोर्ट हवा, पाकिस्तानची फी २० डॉलर. कोणत्याही धर्माच्या भारतीयाला जाता यायचं. सकाळी जायचं, त्याच दिवशी परतायचं.

पण "मनात आलं आणि निघालो" इथंही चालत नव्हतं. आधी ऑनलाइन नाव नोंदवायचं, दोन्हीकडच्या यंत्रणा ते तपासणार, मंजुरी आली तर जायचं. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि भारतानं त्याच दिवशी हा मार्ग बंद केला.

मराठवाड्याचं या भागाशी नातं जुनं आहे. नरसीचे संत नामदेव याच गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले, त्यांची पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत, आणि २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं होतं. तेव्हा संमेलनाला गेलेल्यांना कर्तारपूर फक्त सीमेवरून दुर्बिणीतून बघता यायचं.

मग बीडचा माणूस खरंच कुठं जातो?

आता मुद्द्याचं. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, तरीही सकाळी परदेशात आणि रात्री भारतात, असं बीडमधले लोक आजही करतात. त्यांच्या रिल्स नसतात, कारण त्यांना ती परदेश सहल वाटतच नाही. ते जातात लुंबिनीला.

गौतम बुद्धांचं जन्मस्थान लुंबिनी नेपाळमध्ये आहे. मराठवाड्यातल्या बौद्ध कुटुंबांच्या बोधगया, सारनाथ, कुशीनगर अशा धम्मयात्रेत लुंबिनी असतंच. अनेक यात्रा कंपन्या मुक्काम भारताच्या बाजूला ठेवतात आणि लुंबिनी दिवसभरात करून परत आणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, ते त्यांच्या महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी. त्यामुळं नेपाळ हे नाव या घरांमध्ये परकं नाही.

हे शक्य होतं कारण ३१ जुलै १९५० ला भारत आणि नेपाळमध्ये शांतता आणि मैत्रीचा करार झाला. सुमारे १,७५० किलोमीटरची ही सीमा दोन्हीकडच्या नागरिकांसाठी खुली आहे. व्हिसा लागत नाही. आणि एकट्या माणसालाही हे करता येतं, ते असं.

मनमाडवरून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या मिळतात, काशी एक्सप्रेस आणि कुशीनगर एक्सप्रेस त्यातल्या जुन्या आणि ओळखीच्या. प्रवास एक दिवसाहून जास्त. गोरखपूरहून सोनौली नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, बस आणि शेअर जीप चालतात. सोनौलीला एक कमान दिसते, सशस्त्र सीमा बलाचे जवान दिसतात, सायकलरिक्षा, ट्रकांची रांग, आणि त्या गर्दीतून लोक चालत जात असतात. त्या लोकांसोबत चालत राहायचं. कमान मागं पडली की तुम्ही नेपाळमध्ये. शिक्का नाही, काही नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला विश्वास बसत नाही, काही जण "झालं का?" म्हणून मागं वळून बघतात.

पलीकडं चार-पाच किलोमीटरवर भैरहवा शहर आणि तिथून वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी. मायादेवी मंदिर, समोरची पुष्करिणी आणि सम्राट अशोकाचा स्तंभ. या स्तंभावर ब्राह्मी लिपीत कोरलंय, की राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथं आला आणि बुद्धांचा जन्म इथं झाला म्हणून त्यानं या गावाचा कर कमी केला. १८९६ मध्ये हा स्तंभ पुन्हा उजेडात आला तेव्हा या जागेची ओळख पक्की झाली. १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. आजूबाजूला थायलंड, म्यानमार, श्रीलंका, चीन अशा देशांनी बांधलेले विहार आहेत, त्यामुळं एका दुपारीत सहा-सात देशांची शैली बघून होते. चालणं बरंच आहे, सायकल भाड्यानं घेतलेली बरी.

पैशांचं इथं जुन्या मराठवाड्यासारखंच आहे. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे. दुकानदार किंमत सांगताना "आयसी की एनसी?" असं विचारतो. आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी. आजोबांना हाली-कलदार करावं लागायचं, नातवाला हे. घासाघीस करताना कोणत्या रुपयात चाललीये ते आधी पक्कं करा, नाहीतर शंभरचे एकशे साठ होतात. शंभरपर्यंतच्या भारतीय नोटा सहज घेतात, म्हणून सुट्टे सोबत ठेवा. मार्च २०२४ पासून नेपाळमधल्या फोनपे नावाच्या तिथल्याच कंपनीच्या क्यूआर कोडवर भारताचं यूपीआय चालायला लागलं आहे, पण तुमच्या ॲपमध्ये परदेशी पेमेंट चालू आहे का ते अलीकडंच बघून घ्या. मोबाइलचं रोमिंग सीमा ओलांडली की लागतं, डेटा बंद करून जा. स्वतःची गाडी घेऊन गेलात तर नाक्यावर भन्सार भरायचा. भन्सार म्हणजे तिथली करोडगिरीच.

एकट्यानं अचानक जाणाऱ्यानं एक गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. खुली सीमा म्हणजे कायम उघडी सीमा नाही. कोरोनात ती बंद झाली होती. ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ ला नेपाळमध्ये तरुणांचं आंदोलन पेटलं, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, काठमांडूचं विमानतळ बंद झालं आणि बरेच भारतीय पर्यटक अडकले. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी सकाळी सोनौलीची बातमी बघा, आणि कुठं चाललोय हे घरात एका माणसाला तरी सांगून निघा. तिकडं काही झालं तर शोध घेणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

आणि कागद. इथं हमखास घोळ होतो. आपल्याला सगळीकडं आधार दाखवायची सवय. पण विमानानं नेपाळला जायचं तर १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. मुंबई विमानतळावर फक्त आधार घेऊन गेलेला माणूस काउंटरवरूनच परत येतो. रस्त्यानं जाताना सोनौलीला दर वेळी कोणी विचारेलच असं नाही, पण विचारलं तर तेच लागतं. ते कार्ड बहुतेक घरांत असतं, मतदानाच्या दिवशी शोधाशोध होते आणि नंतर पुन्हा कुठल्यातरी डब्यात जातं. तेवढं आधी काढून ठेवा. आणि परतीची बस गाठायची असेल तर भैरहवाच्या स्टँडवरचं घड्याळ नीट बघा, नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असते.